बॅटरी १० टक्क्यांपर्यंत उतरवावी, की ३० टक्क्यांवरच थांबावे?

लांबच्या प्रवासात इलेक्ट्रिक मोटार चालवणाऱ्यांच्या दोन रीती आढळतात. काही जण बॅटरी १० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबत नाहीत आणि साधारण ६० टक्के भरताच पुढे निघतात. काही जण ३०-४० टक्के शिल्लक असतानाच चार्जर गाठून ९० च्या पुढे भरतात.

वेळेच्या हिशेबात पहिली रीत निर्विवाद सरस आहे. जलद डीसी चार्जरवर बॅटरी रिकामी असताना सर्वाधिक शक्ती घेते. ती भरत जाते तसे सेलचे व्होल्टेज कमाल मर्यादेजवळ येते आणि लिथियम धातुरूपात साचू नये म्हणून नियंत्रण यंत्रणा विद्युतप्रवाह कमी करत नेते. म्हणूनच १० ते ६० आणि ४५ ते ९५ या टप्प्यांत वीज जवळपास सारखीच भरली जात असली, तरी दुसऱ्या टप्प्याला बहुतेक मोटारींत बराच जास्त वेळ लागतो. मात्र ७ किलोवॉटच्या एसी चार्जरवर वेग जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी तसाच चार्जर असेल तर बॅटरी मुद्दाम रिकामी करून पोहोचण्यात काहीच लाभ नाही.

जोखमीचे पारडे मात्र दुसऱ्या बाजूला झुकते. ६० युनिटच्या बॅटरीत १० टक्के म्हणजे ६ युनिट. १०० किलोमीटरला १८ युनिट खर्च धरला, तर सपाट रस्त्यावर जेमतेम ३३ किलोमीटर. पुढे घाट असेल तर हे गणित कोलमडते, कारण २ टनांची मोटार १,००० मीटर उंच चढवायलाच सुमारे साडेपाच युनिट लागतात, आणि उतारावर त्यातले काही परत मिळणार असले तरी आधी माथ्यापर्यंत पोहोचावे लागते. आकडा अपेक्षेपेक्षा लवकर घसरू लागला, तर वेग कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय: ताशी ९० ऐवजी ११० ने जाताना हवेचा रोध जवळपास दीडपट होतो. शून्यानंतरही थोडी वीज उरते असे सांगणारे भेटतात. तिच्यावर बेत आखणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची बॅटरी असणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. या रसायनात व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहते, त्यामुळे शिल्लक चार्जचा अंदाज चुकू शकतो, विशेषतः बॅटरी बरेच दिवस १०० टक्के भरली नसेल तर.

बॅटरीच्या आयुष्याची चिंता या निर्णयात फारशी मोजू नये. ८ टक्क्यांवर पोहोचून लगेच चार्जिंगला लावल्याने लक्षात घेण्याजोगे नुकसान होत नाही. त्याच स्थितीत गाडी कित्येक दिवस उभी ठेवणे मात्र टाळावे.

माझ्या मते निर्णय टक्क्यांवर नव्हे, तर पर्यायी चार्जरवर ठरतो. ठरलेल्या ठिकाणी अनेक जलद चार्जर असतील आणि ते सगळे बंद वा व्यापलेले निघाले तरी उरलेल्या विजेत दुसरे ठिकाण गाठता येत असेल, तर १० टक्क्यांची रीत खुशाल अवलंबावी. एकुलता एक चार्जर, कडाक्याची थंडी किंवा अनोळखी घाट असेल, तर ३० टक्क्यांवर थांबून गेलेली वीस मिनिटे रस्त्यात बंद पडलेली मोटार क्रेनने उचलून नेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतात.