पंचवीस हजारात 'फुल प्रोटेक्शन' आणि चार आठवडे हात गळ्यात

परवा उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. चार आठवडे डाव्या हाताने चमच्याने आमटीभात खाल्लाय, शर्टाची बटणं बायकोने लावलीत, त्यामुळे आता बोटं चालतायत तोवर हे लिहून टाकतो. हिमाचलमधल्या स्पितीला बाइकवर जायचा सीझन तोंडावर आलाय आणि रायडिंगच्या सामानाच्या ज्या जाहिरातीला मी भुललो ती अजून जोरात चालूय. नाव लिहीत नाही, तक्रार केलीय आणि वकील म्हणाले तोंड सांभाळा. तसंही असली दुकानं पाट्या बदलतात, पद्धत तीच राहते.

मी साताऱ्याचा, वय ४१, पतसंस्थेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड एक्सपल्स २०० घेतली, कच्च्या रस्त्यावर पण चालणारी हीरोची बाइक. सीट ८२३ मिलीमीटर उंच, माझे चवडेच टेकतात, पण गाडी हलकी म्हणून जमून गेलं. डोक्यात एकच किडा, जूनमध्ये कुंझुमची खिंड उघडली की स्पितीतलं काझा गाठायचं. बंगळूरचा मावसभाऊ बरीच वर्षं असा फिरतोय, तो म्हणाला आधी अंगावर घालायचं नीट घे, एक ट्रेनिंग कर, मग स्पितीचं नाव काढ. सल्ला सोन्यासारखा होता. मी तो भलत्याच सोनाराकडे घेऊन गेलो.

जानेवारीत एक रील दिसलं. पुण्यातलं दुकान आणि त्यांचीच 'अकॅडमी'. जॅकेट, पँट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट आणि वर दोन दिवसांचं ऑफरोड, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायचं ट्रेनिंग, सगळं मिळून २४,९९९. इथेच घंटा वाजायला पाहिजे होती, कारण नुसतं बरं टूरिंग जॅकेट घ्यायला गेलं तरी दहा-बारा हजार सहज जातात, ॲडव्हेंचर बुटांचं तसंच, मग हा माणूस पाच वस्तू देऊन वर दोन दिवस शिकवतो म्हणजे कमावतो कशात? रोज काउंटरवर बसून मी लोकांना सांगतो की जास्त व्याज दाखवतात तिथे मुद्दलच जातं. स्वतःच्या वेळी अक्कल गहाण.

दुकान चकाचक होतं, भिंतीवर हिमालयाचा फोटो, एसी, आल्याबरोबर कॉफी. मालक तिशीतला, बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्यात सर. "सर, कंटेनरचा माल आहे, युरोपला जायचा होता, ऑर्डर कॅन्सल झाली म्हणून या रेटमध्ये देतोय, सगळं सीई लेव्हल टू." सीई म्हणजे युरोपच्या सुरक्षा नियमांची खूण. जॅकेटच्या छातीवर सीई, पाठीवर सीई, आत शिवलेल्या पट्टीवर 'सीई लेव्हल २ प्रोटेक्शन'. इतक्या वेळा लिहिलंय म्हणजे असेलच, असं मला वाटलं. खरं तर जो माणूस इतक्यांदा सांगतो त्याच्याबद्दल गावाकडे आपण काय म्हणतो ते आठवायला पाहिजे होतं.

मला एल लागतं, त्याच्याकडे एक्सेल होतं. "सर, काझाला थंडी असते, आत जर्किन घालायला जागा पाहिजेच." पटलं. मग यूपीआय करताना भलत्याच बाईचं नाव आलं, तर म्हणाला आमच्या अकाउंटंट आहेत. बिल मागितलं तर म्हणाला पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वर लागेल, मग मीच म्हणालो राहू दे. हे वाक्य माझं आहे हे लक्षात ठेवा, त्याचं नाही. त्याने साध्या कागदावर 'रायडिंग किट १ नग' असं लिहून दिलं आणि मी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला, जणू सातबाराच.

आता ट्रेनिंग. फेब्रुवारीत मुळशीच्या बाजूला एका माळावर. माणसं बावीस आणि शिकवणारा एक, तोही सकाळी साडेनऊला उगवला. सात वाजता बोलावलं होतं. पहिला दिवस निम्मा ड्रोन शूटिंगमध्ये गेला. सगळ्यांनी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून ओळीने धुरळा उडवत जायचं, परत यायचं, परत जायचं, आणि तो खालून ओरडतोय "हात ताठ ठेवा, हँडल घट्ट धरा, फोटोत रुबाब दिसला पाहिजे". दुसऱ्या दिवशी पोहे, थोडं वाळूत चालवणं, एक उतार, आणि दीडला सर्टिफिकेट वाटप. सर्टिफिकेटवर 'ॲडव्हेंचर' हा शब्दच चुकीचा छापलेला. बायकोने घरी आल्यावर पहिलं तेच दाखवलं.

पण खरी गोम त्या उतारावर होती. तिथे त्याने छातीठोकपणे सांगितलं, "ऑफरोडला पुढचा ब्रेक विसरायचा, हात लावायचाच नाही, फक्त मागचा." बावीस जणांनी माना डोलावल्या. मी तर डायरीत लिहून घेतलं, अधोरेखित करून.

एप्रिलच्या एका रविवारी एकटाच ठोसेघरवरून वर चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्यांच्या मधून कच्चे रस्ते आहेत, जांभ्याची बारीक खडी पसरलेली, सरावाला झकास. सगळा शृंगार अंगावर. एका ठिकाणी बऱ्यापैकी उतार आणि शेवटी डावीकडे वळण, स्पीड असेल तीस-पस्तीस, जास्त नाही. डायरीत लिहिल्याप्रमाणे फक्त मागचा ब्रेक दाबला. ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस माझ्या गाडीच्या फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक सरळ लॉक झालं, शेपूट उजवीकडे सरकली, मी ताठ हातांनी हँडल आवळून धरलेलं, त्यामुळे गाडी जिकडे गेली तिकडे मी पण गेलो. कधी आडवा झालो कळलंही नाही, आधी आवाज ऐकला, मग आकाश दिसलं आणि मधे पवनचक्कीचं पातं निवांत फिरत होतं.

घसरलो किती, फार तर आठ-दहा फूट. तेवढ्यात जॅकेटची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत शिवणीवर उसवली होती, फाटली नव्हती, उसवली होती, शेंग सोलावी तशी. आणि कोपराचं ते लेव्हल टू पॅड कुठे होतं? दंडाच्या आतल्या बाजूला, काखेकडे तोंड करून. एक्सेलची बाही ढगळ, पॅड फिरून गेलं, आणि जमिनीला लागलं ते माझं नागडं कोपर. एक मेंढपाळ आजोबा पळत आले, गाडी उचलायला हात लावला, पाणी दिलं आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "एवढं घालूनशान बी लागलंच का?"

एक्सरेत कोपराच्या टोकाच्या हाडाला फ्रॅक्चर. हाड हललं नव्हतं म्हणून ऑपरेशन टळलं. काझाचं बुकिंग त्याच संध्याकाळी रद्द केलं.

मावसभावाला व्हिडिओ कॉल लावला. तो हाताचं विचारेल असं वाटलं, तर म्हणतो पॅड बाहेर काढ आणि कॅमेऱ्यासमोर धर. काढलं. केशरी रंगाचं, नामांकित कंपन्यांचं असतं तसंच दिसणारं, वर उठावाची नक्षी. "यावर ईएन १६२१-१ हा युरोपियन स्टँडर्डचा नंबर कोरलाय का? मोटरसायकलवाल्याचं चित्र आहे का? खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के असं अक्षर आहे का? १ किंवा २ आकडा?" काहीच नव्हतं. नुसतं सीई. मग म्हणाला चिमटीत धरून दाब. दाबलं तर दोन्ही बोटं एकमेकांना टेकली, सोडल्यावर स्पंजासारखं टुणकन वर. त्याने स्वतःचं दाबून दाखवलं, ते मळलेल्या कणकेत बोट घातल्यासारखं सावकाश परत येत होतं. सगळीच चांगली आर्मर (म्हणजे हीच पॅडं) अशी नसतात, काही कडक पण असतात, म्हणून ही काही परीक्षा नाही हे तोच म्हणाला, खरी गोष्ट तो छापील नंबर. प्लास्टर असताना डाव्या हाताने मी ते पॅड ब्लेडने कापलं. आत आमच्या पोरीच्या योगा मॅटचा फोम असतो ना, तोच, वर रंग.

पुढचे चार आठवडे दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी हेच वाचत बसलो. लेव्हल म्हणजे मार बसला तर पॅडमधून पलीकडे किती जोर पोचतो त्याचं माप आहे. कोपर-गुडघ्याच्या पॅडला लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (जोर मोजायचं एकक, आकडा कमी तेवढं पॅड चांगलं) चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या पॅडचं स्टँडर्ड वेगळं, ईएन १६२१-२, तिथे हेच आकडे १८ आणि ९. माझ्या जॅकेटच्या पाठीत काय होतं माहितीये? जाड थर्माकोलसारखी शीट, कात्रीने कापलेली, कडा वाकड्या. आणि पॅड चांगलं असलं म्हणजे जॅकेट चांगलं असं पण नाही, कापड-शिवणीचा ग्रेड वेगळा असतो, ईएन १७०९२, त्यात ट्रिपल ए सगळ्यात वर, मग डबल ए, मग ए. बी-सी पण आहेत, त्यांचं काम वेगळं. बुटांचा नंबर १३६३४, ग्लोव्ह्जचा १३५९४. हे नंबर आत शिवलेल्या लेबलवर असतात, बनवणाऱ्याच्या नावासकट. माझ्या लेबलवर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं. बारशाविनाच माल बाजारात.

हेल्मेटचं तर विचारूच नका. डोकं आपटलं नाही ही देवाची कृपा. मागे आयएसआयचा स्टिकर होता, पण त्यावर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या भारतीय स्टँडर्डचा नंबर पण नाही आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो तो पण नाही. तो नंबर असला तरी आयएसआय देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, फुकट आहे, नंबर कोणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे कळतं. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदेशीर आहे, मग हे एसी दुकानात ठेवून विकतात कसे हा प्रश्न मला पण पडलाय. बाजूला डीओटी ही अमेरिकेची खूण पण चिकटवलेली. अमेरिकेत ते बनवणारा स्वतःच जाहीर करतो, आधी कोणी तपासून देत नाही, आणि इथे तर नुसता स्टिकर, कॅरमबोर्डला लावतो तसला. युरोपचं ईसीई असेल तर वर्तुळात ई आणि देशाचा आकडा अशी पट्टी, बहुतेकदा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली असते.

आणि ब्रेक. हे मला जॅकेटपेक्षा जास्त लागलं, कारण जॅकेट खोटं निघालं म्हणून मार लागला, पण पडलो मी त्या शिकवणीमुळे. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, म्हणून मागचा एकटा दाबला की लगेच लॉक. पुढचा ब्रेक एक-दोन बोटांनी अलगद वापरायचा, पहिल्या गियरवर इंजिनाला रोखू द्यायचं, मागचा सोबतीला. हात ताठ नाही तर कोपरं बाहेर आणि सैल, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर वळणाच्या पलीकडे. मावसभावाने फोनवर वीस मिनिटांत हे सांगितलं. त्या माणसाने दीड दिवसात उलटं शिकवलं आणि पैसे घेतले.

पैशाचं काय झालं तेही सांगतो. फोन केला तर आधी "सर, ॲक्सिडेंटमध्ये जॅकेट फाटणारच", मग "वॉरंटी नसते", मग ब्लॉक. बायकोच्या नंबरवरून केला तर आवाज ओळखून कट. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तिकडून त्यांना विचारणा गेली तर उत्तर आलं की असा कोणी ग्राहकच नाही. पक्कं बिल नव्हतं ना. पण यूपीआयची नोंद होती, त्याचे व्हॉट्सॲपवरचे 'लेव्हल टू, १०० टक्के ओरिजिनल' असे व्हॉइस मेसेज होते, आणि ते सर्टिफिकेट, ज्यावर माझं नाव, तारीख आणि त्यांचा शिक्का आहे. वकील म्हणाले हे तर बिलापेक्षा भारी. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, ऑनलाइन दाखल होतं, ते केलंय. जॅकेट, उसवलेली बाही, कापलेलं पॅड सगळं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय, पुरावा म्हणून. बायको म्हणते ठेवायचंच होतं तर आधीच ठेवायचं.

एक राहिलं. त्यांच्या नव्या जाहिरातीत पहिल्या तीन सेकंदात ड्रोनचा शॉट आहे, संध्याकाळचं ऊन, धुरळा, आणि पांढऱ्या एक्सपल्सवर पोट सुटलेला एक माणूस उभा, हात ताठ, ढगळ केशरी जॅकेट वाऱ्याने फुग्यासारखं फुगलेलं, खाली लिहिलंय 'आमचे समाधानी रायडर'. तो मी आहे. मला न विचारता लावलाय. दिसला तर तिथूनच मागे फिरा.