जर्मनीतले उन्हाळी निवासी जर्मन वर्ग: कोणी जावं, कोणी थांबावं

शाळेत किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या मुलांच्या घरी दिवाळीनंतर हा विषय निघतोच: येत्या जुलैत दोन-तीन आठवडे जर्मनीला पाठवायचं का? मॅक्स म्युलर भवन ज्यांचं, त्या गोएथे-इन्स्टिट्यूटचे स्वतःचे युवा वर्ग आहेत, खासगी भाषाशाळांचे आहेत, आणि इथले काही एजंट शाळेच्या ग्रुपसाठी पॅकेजही विकतात. माहितीपत्रकात सगळे सारखेच दिसतात. सकाळी वर्ग, दुपारी खेळ नि प्रकल्प, सुट्टीच्या दिवशी सहल, राहणं-जेवण तिथेच, बहुधा सुट्टीमुळे रिकाम्या झालेल्या बोर्डिंग शाळेत किंवा युवा वसतिगृहात. प्रत्यक्षात मात्र फरक मोठा पडतो, आणि तो शहर कोणतं यावर ठरत नाही. जेवणाच्या टेबलावर मुलं कोणत्या भाषेत बोलतात, त्यावर ठरतो.

म्हणून मत सुरुवातीलाच सांगतो. जर्मनच्या लेव्हल ए-१, ए-२, बी-१ अशा चढत जातात. त्यातली ए-२ पूर्ण केलेलं मूल एकटं जात असेल आणि खोली वेगवेगळ्या देशांच्या मुलांबरोबर मिळत असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. ए-१ अर्धवट असताना, किंवा शाळेतल्याच वीस जणांच्या घोळक्यात गेलं, तर ती सहल होते. सहलीला काहीच हरकत नाही, पण तिच्यासाठी भाषेच्या वर्गाची फी भरू नये.

'तीन आठवड्यांत एक लेव्हल' असं कोणी सांगत असेल तर साधा हिशेब करा. गोएथे-इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानुसार ए-२ गाठायला ४५ मिनिटांच्या २०० ते ३५० तासिका लागतात, बी-१ला ३५० ते ६५०. आठवड्याला २० ते २४ तासिका धरल्या तरी तीन आठवड्यांत ६० ते ७२ होतात. एवढ्यात लेव्हल संपत नाही. तेवढ्या तासिका पुण्यात किंवा मुंबईत याच्या काही अंश खर्चात मिळतात. तुम्ही पैसे मोजता ते तासिकांच्या मधल्या वेळासाठी.

तो वेळ कसा जातो, हे संध्याकाळच्या जेवणावरून कळतं. दुपारी गरम जेवण असतं, संध्याकाळी बहुतेक ठिकाणी थंड: पाव, चीज, लोणी, काकडी, टोमॅटो, मांसाचे काप. टेबलावर सात-आठ जण, ताटल्या सगळ्यांत फिरणाऱ्या. लोणी हवं तर शेजारच्याकडे मागायचं, उद्या तळ्यावर कोण येणार ते ठरवायचं, आज भांडी उचलायची पाळी कोणाची यावर वाद घालायचा. टेबलावर इटलीची, तुर्कस्तानची, ब्राझीलची पोरं असतील तर मोडकंतोडकं का होईना, जर्मनच चालतं. त्यात चार मराठी-हिंदी बोलणारी एकत्र बसली की जर्मन तिथेच थांबलं. सगळ्यांचंच जर्मन ए-१चं असलं तर पाचव्या मिनिटाला इंग्रजी सुरू होतं. ए-२ची अट एवढ्यासाठीच. चुकत का होईना, भूतकाळात दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत.

पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर लेखी विचारून घ्या. एका मातृभाषेच्या मुलांवर मर्यादा आहे का? खोल्या मिश्र देशांच्या देता का? एका वर्गात जास्तीत जास्त किती मुलं? माझ्या मुलाच्या लेव्हलची तुकडी त्या तारखांना नक्की आहे, की दोन लेव्हल एकत्र बसवणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या तारखा बघा. बी-१ आणि त्यापुढच्या तुकड्यांना हे विशेष लागू, कारण तिथे मुलं कमी असतात.

पोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट टेस्ट होते. आपल्याकडची मुलं व्याकरणात पक्की आणि बोलण्यात कच्ची असतात. लेखी भागात दातिव्ह-अकुझातिव्ह या विभक्ती बिनचूक, आणि 'काल संध्याकाळी काय केलंस' विचारलं की गप्प. मग हातात ए-२चं सर्टिफिकेट असूनही खालची तुकडी मिळते. तुकडी खरंच सोपी वाटत असेल तर मुलानेच दोन दिवसांच्या आत शिक्षकांना सांगावं, जर्मनमध्ये. आठवडा उलटल्यावर बदल होणं अवघड असतं. जाण्याआधीचे दोन महिने रोज पंधरा मिनिटं मोठ्याने बोलण्याचा सराव करून घ्या: परवानगी मागणं, दुखतंय ते सांगणं, जेवणातलं काय चालत नाही ते सांगणं, नाही म्हणणं.

आता कागदपत्रं. जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत वाढू शकतात. जुलैच्या प्रवासासाठी अपॉइंटमेंट मे महिन्यात शोधायला गेलात तर सुट्टीच्या गर्दीत अडकाल. बारा वर्षांवरच्यांना पूर्ण फी लागते, जून २०२४ पासून ९० युरो, वर सेवाशुल्क. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे इथे विसरलं जातं.

खरी अडचण जन्मदाखल्यात येते. अठराखालच्या मुलासाठी आई-वडील दोघांचं संमतिपत्र आणि नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो. आपल्याकडे जन्माची नोंद बारशाआधी होते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. कुठे आईचं माहेरचं नाव असतं, पासपोर्टवर सासरचं. नाव घालून घ्यायला महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेळ जातो, म्हणून हे काम डिसेंबरातच तपासा. आई-वडील विभक्त असतील तर कोर्टाच्या ताब्याच्या आदेशाची प्रत जोडावी लागते. संमतिपत्राची एक प्रत आणि संस्थेचा चोवीस तास लागणारा फोन नंबर मुलाच्या हातातल्या बॅगेत हवा, कारण सीमेवर पोलीस विचारू शकतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे आणि फोटोची नवी प्रवेश-निर्गम नोंदणी सुरू झाली आहे, तेव्हा वाटेत विमान बदलायचं असेल तर पुढचं विमान लगेचचं घेऊ नका. शक्यतो फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकला थेट जाणारं घ्या. संस्थेची विमानतळावरची ने-आण बहुधा ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेतच असते. ती वेळ कळल्याशिवाय तिकीट काढू नये.

सामानात आजीचा हात आवरा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच. हापूसही नाही, कारण ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी चालते. शाकाहारी असाल तर फॉर्मवर लिहा आणि अंडं चालत नसेल तर वेगळं लिहा, कारण तिथे अंडं शाकाहारातच धरतात. प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन गमीच्या गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत असतं, ते मुलालाच वेष्टनावर वाचता आलं पाहिजे. जैन जेवणाची हमी सहसा मिळत नाही.

पोहण्याच्या परवानगीचा फॉर्म मात्र आई-वडिलांनी मनापासून वाचावा. जुलैत सहली तळ्यांवर जातात, आणि फॉर्मवर 'पोहता येतं का' अशी खूण असते. सोसायटीच्या कमरेएवढ्या टँकमध्ये चार हात मारणारं मूल इथे 'हो'मध्ये मोडत नाही. जर्मनीत सुरक्षित पोहणारा म्हणजे कांस्य बिल्ला: सलग १५ मिनिटं पोहणं, त्यात किमान २०० मीटर. तळ्याचं पाणी थंड असतं, तळ दिसत नाही, दोन पावलांवर खोल होतं. एवढं येत नसेल तर 'नाही' लिहा. बाकीची मजा काठावरही होते.

बव्हेरिया आणि बाडेन-व्यूर्टेम्बर्ग या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये जंगलातून फिरून आल्यावर गोचीड तपासायची: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. सापडली तर तेल न लावता चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची आणि शिक्षकांना दाखवायची. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोला.

छोट्या गोष्टी पटकन. जर्मन प्रीपेड सिमला ओळख पडताळणी लागते, अल्पवयीनांना ते जमवणं कठीण, म्हणून इथूनच रोमिंग किंवा ई-सिम घ्या. रोख युरो लहान नोटांत द्या. आठवड्याला ५० युरो पुरतात, कारण जेवण-सहली फीमध्येच असतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. रविवारी दुकानं बंद. खोलीची किल्ली हरवली तर अख्ख्या मजल्याची कुलपं बदलण्याचं बिल येऊ शकतं, म्हणून विम्यात तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीची भरपाई आहे का आणि त्यात किल्ली धरली आहे का, ते पाहा. बिअर तिथे कायद्याने सोळाव्या वर्षी मिळते, पण कॅम्पचा नियम वेगळा असतो आणि तो मोडला तर मुलाला स्वखर्चाने परत पाठवतात.

फोनबद्दल आग्रहाने सांगतो. रोज रात्री अर्धा तास घरी मराठीत बोलणारं मूल त्याच वेळी चाललेल्या पत्त्यांच्या डावाला मुकतं. एक दिवसाआड, तिथल्या दुपारी दीडला, म्हणजे आपल्या संध्याकाळी पाचला, दहा मिनिटं पुरे. पहिले तीन-चार दिवस रडवेले जातात. त्या दिवसांत वेगळी खोली किंवा परतीचं तिकीट मागू नका.

शेवटी मिळतो तो सहभागाचा दाखला. ती परीक्षा नव्हे, आणि विद्यापीठ प्रवेशात त्यावर विसंबू नका. शाळा 'पाश' या, जर्मन शिकवणाऱ्या शाळांसाठीच्या जर्मन सरकारच्या उपक्रमात असेल तर शिक्षकांकडे शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करा. २००८ पासूनच्या या उपक्रमातून भागीदार शाळांतली निवडक मुलं जर्मनीला पाठवली जातात.

वर्ष कोणतं निवडावं? राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्येच सुरू होतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे बुडणारच. मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र व्हिसाच्या फाइलमध्येही लागतं. नववीत गेलेलं सोयीचं, कारण बुडालेलं भरून काढता येतं. दहावीनंतरचा उन्हाळा मोकळा वाटतो, पण अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया त्याच काळात चालते आणि यादीत नाव लागल्यावर प्रवेश निश्चित करायला थोडेच दिवस मिळतात. त्या वर्षी जायचंच असेल तर मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घरी ठेवा, लॉगिनचा पासवर्ड आई-वडिलांकडे असू द्या, आणि पसंतीक्रम विमानात बसण्याआधी भरून टाका.