कास-बामणोलीची सहल: ॲपवरून की थेट जीपवाल्याकडून?

सप्टेंबरात पुण्याहून मामा-मामी आले तेव्हा मी साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठाराची सहल एका ॲपवरून बुक केली. पावती लगेच मोबाइलवर आली, सहल रद्द केल्यास पैसे कसे परत मिळतील तेही लिहिलेलं. अनोळखी गावात उतरणाऱ्याला हा मोठाच आधार. पण पठारावर धुकं इतकं दाट, की पायाशी असलेली तेरड्याची फुलंही दिसेनात. ड्रायव्हर म्हणाला, "थांबायचं तर कंपनीला विचारा." फोनवरच्या मुलीला कास कुठे आहे तेच माहीत नव्हतं. न थांबताच परतलो. मामी गप्पच होती, मला फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला साताऱ्यातल्या राजवाड्याजवळच्या जीपवाल्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आधी बामणोली करू, येताना कास. तोवर ऊन पडंल." तसंच झालं. बामणोलीला शिवसागर जलाशयात बोटीतून फिरून आलो आणि परतताना सगळं पठार उघडं, सीतेची आसवं ही निळी फुलं उन्हात चमकत होती. पैसेही पूर्ण दादांच्या हातात गेले, मधलं कमिशन नाही.

थेट ठरवताना एक सांभाळा: डिझेल, थांबण्याचे पैसे, ड्रायव्हरचं जेवण हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यातून संध्याकाळी वाद होतात.

बामणोलीहून बोटीने जायच्या वासोटा किल्ल्यासाठी तर मध्यस्थ नकोच. वनखात्याची परवानगी आणि बोट दोन्ही बामणोलीतच मिळतात. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून माणसं जमवून जा. पावसाळ्यात मात्र गड बंद असतो.