घरी जोडायचा सिस्मोमीटर: इलेक्ट्रॉनिक्स एक नंबर, पण पाया आणि टेकू बदलावा लागला

सात-आठ महिने रोज वापरल्यावर लिहितेय, पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर घेऊच नका म्हणून मोकळी झाले असते आणि ते या किटवर अन्याय करणारं झालं असतं.

तर हे भूकंपाच्या लहरी नोंदवणाऱ्या आडव्या लोलकाचं किट आहे. फ्रेम, ६० सेंमीचा दांडा, टोकाला वजन, दांडा पेलणारी तार, कॉइल, मॅग्नेट, डॅम्पिंगची (झुलणं आवरणारी) तांब्याची पट्टी, अॅम्प्लिफायर आणि सिग्नलचे आकडे करणारा २४ बिटचा बोर्ड. दांडा कुंपणाच्या फाटकासारखा लटकतो. असा आडवा का, तर लांबच्या भूकंपाच्या पृष्ठलहरींचा (पृथ्वीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरींचा) पिरियड, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, २० सेकंदांच्या आसपास असतो, आणि साध्या टांगलेल्या लोलकाला २० सेकंद घ्यायला लावायचे तर दोरी जवळपास १०० मीटर लांब लागेल. फाटकाचं मात्र तसं नाही, बिजागरीची रेषा उभ्यापासून साधारण एक तृतीयांश अंश कलती ठेवली की हाच ६० सेंमीचा दांडा सावकाश २० सेकंदांत एक फेरी मारतो.

पण इतक्या कमी कलावर दांडा जमिनीच्या झुकण्यालाही तेवढाच हळवा होतो हे माहितीपुस्तकात कुठेच नीट सांगितलेलं नाही. दोन पायांत ३० सेंमी अंतर धरा, त्यातला एक पाय मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी खचला तरी दांड्याचं टोक ३ मिमी बाजूला जातं. मी पहिल्यांदा लेव्हल करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, समाधान वाटलं, आणि जवळ बघायला आले तर माझ्याच वजनाने फरशी दबून ट्रेस (नोंदीची रेघ) स्क्रीनच्या बाहेर. तेव्हापासून लेव्हलिंग करताना स्क्रू अगदी थोडा फिरवायचा, लांब जायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच आकडा बघायचा, असं करत करत दोन दिवस गेले.

आता किटमधली खरी खोट. एक म्हणजे पाया प्लायवूडचा दिलाय. प्लायवूड दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, त्यामुळे दांडा रोज एका बाजूला सरकत जायचा, सकाळी मध्यावर आणलेला रात्रीपर्यंत मॅग्नेटला टेकलेला. मी जाड ग्रॅनाइटची लादी आणली, तिला तीन पायांसाठी भोकं पाडून घेतली आणि ती थेट तळमजल्याच्या जमिनीवर ठेवली, मध्ये रबर नाही की गालिचा नाही. हे सरकणं (ड्रिफ्ट) तिसऱ्या दिवसापासून इतका कमी झाला की आता पंधरा दिवसांतून एकदा हात लावते. या उपकरणाला लाकडाचा पाया द्यायलाच नको होता, एवढं मी ठामपणे सांगेन.

दुसरं दांड्याचा टेकू. टोकदार स्क्रू एका खळग्यात बसवलाय, दिसायला छान, पण खळग्याच्या कडेला टोक घासतं आणि दांडा अडकत अडकत सरकतो. ट्रेसवर सपाट रेघ, मग एकदम उडी, परत सपाट. मी बेअरिंगमधली पोलादी गोळी दांड्याला चिकटवली आणि ती कडक सपाट पोलादाच्या तुकड्यावर टेकवली. गोळी घासत नाही, लोळते. त्या एका बदलाने ट्रेस गुळगुळीत झाला. तसंच टोकाकडचे दोन लोखंडी स्क्रू काढून पितळेचे घाला, मॅग्नेट ते ओढतो आणि पिरियड काही केल्या वाढत नाही, मला हे कळायला आठवडा लागला.

डॅम्पिंगची पट्टी मात्र उत्तम दिली आहे. तांबं मॅग्नेटच्या फटीतून सरकलं की त्यात प्रवाह फिरतात आणि ते हालचालीलाच विरोध करतात, ना तेल ना घर्षण. पट्टी किती आत घ्यायची ते असं ठरवा: दांडा हलकेच एका बाजूला नेऊन सोडा. पट्टी बाहेर असेल तर तो कितीतरी वेळ झुलत राहतो, खूप आत असेल तर आळसावल्यासारखा परत येतो. मध्यावर येऊन साधारण ५ टक्केच पलीकडे गेला आणि परत येऊन थांबला की बरोबर जमलं. हे न करता नोंद घेतली तर भूकंप संपला तरी लोलक आपलाच झुलत राहतो आणि आपण त्यालाच भूकंप समजतो.

खोका घालायलाच हवा, वाऱ्याची झुळूकच काय, खोक्यातली गरम-गार हवा फिरली तरी दिसते. मी आत थर्माकोल लावून फटी टेपने बंद केल्या. वेळ इंटरनेटवरून जुळते, तिथे काही त्रास नाही.

हे सगळं झाल्यावर पहिल्या शांत रात्री ट्रेसवर एकसारखी बारीक लाट दिसायला लागली, ५ ते ८ सेकंदांची, थांबतच नव्हती. मी आधी वायरिंग तपासलं. मग कळलं की हा समुद्र आहे, लाटांच्या माऱ्याने जमीन सतत हलते आणि ते शेकडो किलोमीटर आतपर्यंत पोचतं. ही लाट दिसली म्हणजे उपकरण जिवंत आहे, दिसत नसेल तर अजून कुठेतरी अडतंय, याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

आणि मग एका पहाटे पी लहर (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी) आली, साधारण सव्वाआठ मिनिटांनी एस (तिच्यामागून येणारी हळू लहर), दोघींमधल्या वेळेवरून अंतर सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं तर अंतर ६० अंश (पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन), म्हणजे ६,७०० किमीच्या जवळपास. पीनंतर वीसेक मिनिटांनी लांबलचक पृष्ठलहरी सुरू झाल्या आणि दांडा डोळ्यांनी हलताना काही दिसत नव्हता तरी स्क्रीन भरून गेली होती. १८८९ साली जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या शास्त्रज्ञाच्या आडव्या लोलकावर जपानमधला भूकंप उमटला होता, लांबच्या भूकंपाची ती पहिली ओळखलेली नोंद, आणि त्यांनी तो लोलक लावला होता जमिनीचं झुकणं मोजायला! ज्या झुकण्याशी मी महिनाभर झगडले तेच त्यांना हवं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

जवळचे छोटे धक्केच पकडायचे असतील तर हे नको, ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची जलद कंपनं पकडणारा छोटा तयार सेन्सर) घ्या, तो ठेवला की सुरू. लांबचे हवे असतील आणि महिनाभर धीर धरता येत असेल तर घ्याच, कॉइल आणि बोर्ड या दोन गोष्टींसाठी. माझा लोलक उत्तर-दक्षिण हालचाल दाखवतो, पूर्व-पश्चिमेसाठी दुसरा करायचाय, त्याला फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा संच मागवलाय आणि लादी आधीच कापून ठेवली आहे.