डायोरामातला समुद्र: रेझिन ओतायचं की जेल थापायचं?

मागे जांभ्याच्या रंगाचा कडा, त्यावर एकेरी रूळ आणि पुढे १० सेंटीमीटरची समुद्राची पट्टी. एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७ एवढ्या रेल्वे मॉडेलच्या मापात, ६० बाय ३० सेंटीमीटरच्या फळीवर कोकणच्या किनाऱ्याचा डायोरामा (छोटा त्रिमितीय देखावा) ऐसपैस बसतो. अडतं ते पाण्यापाशी.

दिसण्यात इपॉक्सी रेझिन (दोन भाग कालवून ओतायचं, मग कडक होणारं पारदर्शक द्रव) पुढे, यात वाद नाही. तळचे दगड आरपार दिसतात. ६० बाय १० च्या पट्टीला ३ मिलिमीटर थर म्हणजे १८० मिली. कपाला चिकटणारं धरून २०० कालवा. आधी प्लास्टरच्या खडकांना पातळ फेव्हिकॉलचे दोन हात द्या, नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते. कडेला बांध म्हणून लावलेल्या ओएचपी शीटचे (पारदर्शक प्लास्टिकच्या पानाचे) सांधे सिलिकॉनने बुजवा. सुईएवढी फट राहिली तरी रात्रीतून रेझिन टेबलावर उतरतं. स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन मात्र नको, ते थर्माकोल खातं.

खरी कटकट नागपूरच्या उन्हाळ्याची. सवड मिळते मे महिन्यात, तेव्हा पारा ४५ च्या आसपास. कूलर बंद ठेवला तर कप हातातच तापतो आणि निम्मं ओतेपर्यंत रेझिन आवळतं. लावला तर ओल्या हवेने वर तेलकट, दुधट साय धरते, शिवाय कूलरच्या ताट्यांतली कुसळं येऊन बसतात ती वेगळीच. साय साबणाच्या कोमट पाण्याने निघते म्हणा, पण कड्यावर गवत चिकटवून झाल्यावर धुणार कसं?

अॅक्रिलिक ग्लॉस जेलला (सुकल्यावर पारदर्शक, चकचकीत होणाऱ्या पांढऱ्या घट्ट लेपाला) कूलरचं वावडं नाही, फक्त सुकायला वेळ जास्त. तळ आधी रंगवावा लागतो: काठाशी मातकट, आत हिरवट-करडा. निळाशार केला की मालदीव होतं. एका वेळी १-२ मिलिमीटरच थापा, ताठ ब्रशने लाटा उठवा, पांढरेपणा पूर्ण गेल्यावरच पुढचा थर. घाईने जाड थापलं तर वर कातडी धरते आणि पोटात दूध राहतं. जेल कधीच काचेसारखं कडक होत नाही. सुकल्यावर होडी वर टेकवली तर उन्हाळ्यात चिकटते, म्हणून ती ओल्या थरातच रोवा. जेल धूळही धरतं.

खोल, नितळ खाडीच हवी असेल आणि डिसेंबरपर्यंत थांबायची तयारी असेल, तर रेझिन घ्या. लाटांचा किनारा असेल तर, निदान माझ्या हाताला, जेलच बरं पडलं.

वाळू दोन्हींत तीच, कन्हान नदीची, पण मैद्याच्या चाळणीतून काढलेली. १ मिलिमीटरचा खडा १:८७ मध्ये जवळपास ९ सेंटीमीटरचा गोटा होतो.