राखेपासून झिओलाइट: थेट कॉस्टिकमध्ये शिजवायची की आधी भट्टीत घालायची?

दगडी कोळशाच्या उडत्या राखेपासून झिओलाइट, म्हणजे वायू किंवा पाण्यातले आयन धरून ठेवणारा सूक्ष्म छिद्रांचा ॲल्युमिनोसिलिकेट स्फटिक, बनतो, हे ह्योलर आणि विर्शिंग या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं. काम सुरू करणाऱ्याचं अडतं ते पद्धत निवडताना. पहिली पद्धत सरळ आहे: राख कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) दोन-तीन मोलर तीव्रतेच्या द्रावणात ९० ते १०० अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस ठेवायची. दुसरी शिगेमोतो आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. तिच्यात राख आणि कोरडा कॉस्टिक एकत्र दळून साधारण ५५० अंशांना भट्टीत घालतात, निघालेली ढेप कुटून पाण्यात ढवळतात, काही तास मुरू देतात आणि मग तापवतात. मी दोन्ही पद्धतींनी माल काढला आहे.

शुद्धतेत भट्टीची पद्धत पुढे आहे, यात वाद नाही. थेट शिजवताना राखेतला काचेसारखा भाग तेवढा विरघळतो. क्वार्ट्झचा बराच भाग आणि मुलाइट ही राखेतली स्फटिकी खनिजं तशीच मागे राहतात, आणि क्ष-किरणांच्या आलेखात त्यांची शिखरं ठळक दिसतात. भट्टीत मात्र मुलाइटसुद्धा मोडतं, सोडियमचे विरघळणारे सिलिकेट आणि ॲल्युमिनेट तयार होतात आणि पुढे एक्स प्रकारचा झिओलाइट मिळू शकतो. त्याची छिद्रं सुमारे ०.७४ नॅनोमीटरची. थेट पद्धतीत बहुधा पी१ प्रकारचा झिओलाइट हाती येतो, त्याची छिद्रं ०.३ नॅनोमीटरच्या आसपास. वायू शोषायचा असेल, विशेषतः कार्बन डायऑक्साइड, तर इथेच वाचन थांबवून भट्टी पेटवावी. पी१च्या अरुंद वाटेत त्या रेणूची अडचण होते.

तरीही रोजच्या कामात माझा हात थेट पद्धतीकडेच वळतो आणि त्याचं कारण ती ढेप आहे. कॉस्टिक ३१८ अंशांना वितळतो. ५५० अंशांना तो राखेला धरतो तसाच मुशीलाही, म्हणजे भट्टीत ठेवायच्या भांड्यालाही, धरतो. चिनी मातीची मूस तो खातो, म्हणून निकेलची घ्यावी लागते. थंड झालेली ढेप मुशीच्या तळाला अशी बसते की खरवडून काढावी लागते. हे सगळं हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी लावून, कारण उडणारी भुकटी तीव्र अल्कलीच असते. त्यात तिला हवेतला ओलावा ओढायची घाई. खलात कुटता कुटता ती चिकट होते, बारीक होण्याऐवजी बत्त्याला लिंपते. किती माल मुशीत राहिला आणि किती खलात, याचा हिशेब लागत नाही आणि पुढच्या द्रावणातलं सोडियमचं प्रमाण दर वेळी थोडं हलतं. सराईत हाताला हे जमतही असेल. पण राख किलोंनी संपवायची म्हटली की माझ्या लेखी ही एकच गोष्ट निर्णायक ठरते.

खर्चाचं सोप्यात सांगतो. भट्टीच्या पद्धतीत वजनाने राखेपेक्षा जास्तच, साधारण १.२ पट, कॉस्टिक लागतो. थेट पद्धतीतही तो भरपूर लागतो, पण बराचसा गाळलेल्या द्रावणात शिल्लक असतो. त्यात कमी पडलेला कॉस्टिक घालून पुढची राख शिजवता येते.

थेट पद्धतीचे दोष लपवण्यात अर्थ नाही. द्रावण तीव्र झालं किंवा तापमान वाढलं की पी१ऐवजी हायड्रॉक्सीसोडालाइट हा दुसराच स्फटिक येतो. त्याची छिद्रं इतकी लहान की शोषणाच्या कामाला तो फारसा उपयोगी नाही. न जळलेला कार्बन मालात राहून तो करडा दिसतो. कॅल्शियम जास्त असलेली राख दोन्हीकडे त्रास देते, पण माझ्या अनुभवात थेट पद्धतीत जास्त. म्हणून राख कमी कॅल्शियमची निवडावी आणि लोहाचे चुंबकी कण आधी चुंबकाने काढावेत.

सांडपाण्यातला अमोनियम किंवा शिसं धरायचं असेल तर अर्धवट शुद्ध पी१ पुरतो, असं मला वाटतं. त्याच्या छिद्रांत अमोनियम सहज बसतो आणि सोबतचं मुलाइट नुसतं वजन वाढवतं, कामात आडवं येत नाही. थोडा जास्त झिओलाइट टाकला की भागतं. पाणी फार कठीण असेल तर कॅल्शियम त्याच जागांसाठी झगडतो, पण एक्स वापरला तरी तो झगडा सुटत नाही.

थेट पद्धत घेतलीत तर पहिल्या गाळणीचं पाणी मात्र तपासून घ्या. राखेतलं आर्सेनिक, सेलेनियम आणि बोरॉन अल्कलीत उतरतं, आणि तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरलं की साठत जातं. मी तो आकडा पाहिल्याशिवाय पुढची राख त्यात टाकत नाही.