सर्व्हेचा आकडा की शक्यतेची टक्केवारी? गावी मतदानाला यायचं ठरवण्याआधी

डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ निवडणूक आली की फोनवर एकच विचारतो, “सर्व्हे काय म्हणतोय? आपला येतोय ना?” मी ‘येतोय’ म्हटलं की तो गाडीचं तिकीट काढत नाही. ७ मे २०२४ ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान होतं, तेव्हाही हेच झालं. त्याच्यासारख्या सगळ्या चाकरमान्यांसाठी हे लिहितोय, कारण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो.

पहिली गोष्ट सर्व्हे. किती टक्के लोक कुणाला मत देतील, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे हापूस घेताना गिऱ्हाईक दोन फळं कापून बघतं, कारण साका, म्हणजे गराचा आतला दोष, बाहेरून दिसत नाही. फळं बागेतल्या वेगवेगळ्या कलमांची असतील तर थोड्या फळांवरूनही बागेचा अंदाज येतो. सगळी एकाच पेटीतली असतील तर शंभर कापूनही उपयोग नाही. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त उत्तरं गोळा करून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाची पेटीच चुकली होती.

नीट निवडलेली हजार माणसं असली तरी आकडा तीनेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. देशभरात ५० हजार लोकांना विचारलं, हे ऐकायला मोठं वाटतं. ५४३ मतदारसंघांत वाटा, एकेकाच्या वाट्याला सरासरी ९२ माणसं येतात आणि चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे त्या सर्व्हेवरून रायगडचं काही कळत नाही. शिवाय मतांवरून जागा काढणं हा आणखी एक अंदाज असतो. एक्झिट पोलमध्ये निदान मत दिलेलीच माणसं भेटतात, पण वाडीतली चार माणसं बाजूला उभी असताना खरं कोण सांगणार? २००४ मध्ये चाचण्यांनी एनडीएला पुढे दाखवलं आणि सरकार यूपीएचं आलं. २०२४ ला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला ३५०च्या वर नेत होते, मिळाल्या २९३. सगळे एकाच बाजूला चुकले की त्यांची सरासरी काढूनही चूक जात नाही.

दुसरी गोष्ट शक्यता. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘जिंकण्याची शक्यता ७० टक्के’ म्हणजे ७० टक्के मतं नव्हेत. उद्या पावसाची शक्यता ७० टक्के, असं हवामानाचा माणूस दहा वेळा म्हणाला तर सरासरी तीनदा कोरडं जातं. कोरडं गेलं म्हणून तो खोटा ठरत नाही. २०१६ मध्ये ‘फाइव्हथर्टीएट’ या निवडणुकीचे अंदाज देणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळाने ट्रम्प यांना जिंकण्याची सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती. ते जिंकल्यावर लोक म्हणाले, अंदाज फसला. मला ते पटत नाही. दहातली तीनदा घडणारी गोष्ट घडली, इतकंच.

आता एकच सर्व्हे दोन्हीकडून वाचून बघा. हजार माणसं, सरळ लढत, ५२ विरुद्ध ४८. फक्त नमुन्याची, म्हणजे थोड्याच माणसांना विचारल्यामुळे येणारी, चूक धरली तर पुढच्याची जिंकण्याची शक्यता ९० टक्के निघते. प्रत्यक्षात चूक दुप्पट असू शकते असं मानलं की तीच ७४च्या आसपास येते. सर्व्हे तोच, हिशेब करणाऱ्याची सावधगिरी वेगळी. म्हणून कुणी शक्यता सांगितली की मी आधी विचारतो, चूक किती धरलीस?

वारा कुठे वाहतोय हे बघायचं असेल तर एकाच संस्थेचे ओळीने आलेले सर्व्हे बघावेत. ‘नक्की का?’ असं विचारायचं असेल तर शक्यता बरी, कारण ती निदान आपली शंका आकड्यात सांगते. पण तिकीट काढायचं की नाही, हे यातल्या कशावरही ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते आणि सुनील तटकरे या दोन्ही उमेदवारांना चार लाखांच्या जवळपास मतं पडली आणि फरक राहिला २,११० चा. ४४ सीटच्या एसटी धरल्या तर ४८ गाड्या. २०२४ ला मुंबई वायव्यला फरक होता ४८ मतांचा: एक एसटी भरून, वर चार माणसं उभी.